चौथी ओळ

नरहर अलोणींना मी एकवीस वर्षं ओळखतो आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मी त्यांच्यावर वैतागलेला होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोललो तर ते उगाच वाटणार नाहीत.

मी विनायक रिसबूड. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका परीक्षण केंद्रात खरेदी शाखेचा बाबू. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच नोकरी आहे. आसपासच्या कारखान्यांचे पंखे, पंप, मोटारी किती थरथरतात आणि का थरथरतात हे मोजून शिक्क्यासह लिहून द्यायचं, हा आमचा उद्योग. थरथर मोजायचं काम नरहरभाऊंचं आणि कागद हलवायचं काम माझं. दोघांच्या कामात माझं जास्त महत्त्वाचं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

नरहरभाऊंचे वडील छप्पन साली, राज्याची राजधानी हलली तेव्हा, नागपूरहून कचेरीच्या फायलींबरोबर भोपाळला आले. दोन-तीन वर्षांत परत जायचंच आहे म्हणून नरहरभाऊंच्या आईने पितळेची मोठी भांडी खोक्यातून काढलीच नव्हती म्हणे. ती खोकी नरहरभाऊंच्या लग्नात उघडली. हा माणूस इथेच जन्मला, इथेच आयटीआय झाला, इथेच नोकरीला लागला, आणि तरी बोलतो असा की कालच सीताबर्डीवरून आलाय. त्यात निम्मी हिंदी. आम्हीही इथल्याच बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो, पण घरात आईचं पुणेरी मराठी. नरहरभाऊ माझ्या बोलण्याला ‘रेडिओवरच्या बातम्या’ म्हणायचे.

त्यांच्यावर वैतागायचं कारण असं की कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की हा माणूस आधी विचारणार, ‘मोजायचं काय आहे?’ साध्या फूटपट्टीच्या मागणीचा कागद पुढे केला तरी हाच प्रश्न. घरीसुद्धा तेच. शशिकलावहिनींना दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरात वजनकाटा हवा होता. यांनी विचारलं, कमीत कमी काय तोलणार आणि जास्तीत जास्त काय. वहिनी म्हणाल्या, चिमूटभर हिंगापासून भाजणीच्या पाच किलो धान्यापर्यंत सगळं. त्यावर यांनी अर्धा तास समजावून सांगितलं की पाच किलो पेलणाऱ्या काट्याला चिमूट कळत नाही, आणि चिमूट ओळखणारा काटा पाच किलोंनी कोलमडतो. शेवटी दोन काटे आणले. वहिनी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा फार काही कौतुकाचा नसतो.

आता ज्या पेटीवरून हे सगळं झालं तिच्याबद्दल थोडं सांगावं लागेल. थोडंच सांगतो, मलाही थोडंच कळतं. तिला डिजिटल सिग्नल अ‍ॅनालायझर म्हणतात. मोटारीला एक सेन्सर चिकटवायचा, त्याची वायर पेटीत लावायची. मोटार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरत असते. काही थरथर सावकाश, काही भरभर. पेटी ती सगळी वेगळी करून पडद्यावर मांडते. सेकंदाला पन्नास हेलकावे असतील तर ती पन्नास हर्ट्झची थरथर. कोणती थरथर मोठी आहे ते पाहिलं की दुखणं कुठे आहे ते कळतं. डॉक्टरला रक्ताचा अहवाल लागतो तसा आमच्या लोकांना हा पडद्यावरचा आलेख लागतो.

आमची जुनी पेटी वीस वर्षं चालून बंद पडली. नवी घ्यायचं ठरलं आणि मी नरहरभाऊंकडे मागणीचा तपशील मागितला. मला तो दोन दिवसांत हवा होता. त्यांनी चाळीस दिवस घेतले. मे-जूनच्या उन्हात टोपी घालून, खांद्याला पाण्याची बाटली अडकवून हा साठी ओलांडलेला माणूस गोविंदपुऱ्याच्या शेडमागून शेड हिंडला. सगळ्यात सावकाश फिरणारा पंखा कोणता, सगळ्यात भरभर दाते वाजवणारा गिअरबॉक्स कोणता, सगळ्यात बारीक थरथर केवढी, सगळ्यात दांडगी केवढी, हे एका वहीत लिहून आणलं. मी दर दोन दिवसांनी फोन करून करवादत होतो. ते म्हणायचे, ‘विनायक, दुकानात काय मिळतं ते मले नको सांगू. आपल्याकडे काय वाजून राहिलं ते आधी पाहू दे.’

शेवटी एक पान आलं. सुवाच्य अक्षरात सात ओळी, खाली सही, तारीख. सातवी ओळ अशी होती की पेटी एका माणसाला शिडीवरून नेता आली पाहिजे. ती वाचून मी हसलो होतो. चौथी ओळ वाचून हसू आलं नाही, कारण ती मला कळलीच नाही. ‘एकमेकींना अगदी लागून असलेल्या दोन थरथरी, पाव हर्ट्झच्या अंतराने असल्या तरी, वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.’

मी विक्रेत्यांना फोन लावले. आमच्या आवाक्यातल्या तिघांपैकी दोघे म्हणाले, बाकी सगळं आहे पण हे नाही. एकाकडेच होतं. आता खरेदी शाखेत काम न केलेल्या माणसाला हे समजायला अवघड जाईल, पण आमच्याकडे एकच निविदा येणं हा गुन्हा असल्यासारखं असतं. तीन निविदा हव्यात, त्यांचा तुलनात्मक तक्ता हवा, तक्त्यातला एकही रकाना रिकामा नको. एकच आली की फाईल लाल शेरा घेऊन परत येते: ‘तपशील एकाच विक्रेत्यास अनुकूल.’ मग बाबूने कोणाकडून काय खाल्लं याची चर्चा जिन्यावर सुरू होते. मी कोणाचं कधी काही खाल्लेलं नाही आणि म्हणूनच त्या शेऱ्याची मला भयंकर भीती.

मी पेन्सिल घेतली आणि चौथ्या ओळीवर एक रेघ मारली.

टायपिंगला सहा ओळी गेल्या. सहा जरा रोडावल्यासारख्या वाटल्या म्हणून एका माहितीपत्रकातून मीच एक भारदस्त ओळ उचलली: पेटीने चाळीस हजार हर्ट्झपर्यंत मोजलं पाहिजे. गोविंदपुऱ्यात चाळीस हजार हर्ट्झने काय थरथरतं, हे मी कोणालाही विचारलं नाही. आकडा मोठा होता, साहेब खूश झाले. नरहरभाऊंचं मूळ पान फाईलला लावलं असतं तर खोडलेली ओळ कोणीतरी पाहिली असती, म्हणून ते माझ्या खणात गेलं. तीन निविदा आल्या. तक्ता असा सुरेख झाला की मी तो पुढे नमुना म्हणून वापरत होतो.

पेटी डिसेंबरात आली. नारळ फुटला, पेढे वाटले. नरहरभाऊंनी पेढा खिशात ठेवला आणि पेटीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसले. दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी निविदेची प्रत मागितली, उभ्याउभ्या वाचली, ओळी मोजल्या.

‘चौथी कुठे गेली?’

‘टायपिंगमध्ये राहिली असेल,’ मी म्हणालो.

ते प्रत माझ्यासमोर ठेवून ‘असेल’ म्हणाले. मग त्यांनी मला शांतपणे सांगितलं की पेटी बहुत हुशार आहे, पण तिची हुशारी भरधाव थरथरींसाठी आहे. आपल्या सावकाश कामाला ती कितीही बारीक लावली तरी पाच-पाच हर्ट्झचे खण पाडते आणि एका खणात जे पडेल ते सगळं एकच म्हणून दाखवते. हेच ते मोठ्या साहेबांनाही सांगून आले. साहेबांनी निविदेतल्या सातही अटी पुऱ्या झाल्याचं दाखवलं आणि स्वीकृतीच्या कागदावर सही मागितली. नरहरभाऊ वर्षभरापूर्वीच निवृत्त होऊन कराराने कामावर होते, करार दर जूनला नवा व्हायचा. त्यांनी सही केली. केंद्रातून बाहेर पडताना ते जिन्याच्या एका पायरीवर थांबले, दम लागल्यासारखे, आणि मग उतरले. मला ते दिसलं, आणि मी खिडकीतून नजर काढून टेबलावरच्या कागदांकडे पाहायला लागलो.

पुढच्या चार महिन्यांत त्या पेटीवर अकरा अहवाल निघाले. पेटी रंगीत चित्रं छापायची, कारखानेवाल्यांना ती आवडायची. नरहरभाऊ सेन्सर चिकटवायचे, बटण दाबायचे, छापून आलेल्या कागदावर सही करायचे. पूर्वी हा माणूस आधी मोटारीला लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून पाच-पाच मिनिटं ऐकत उभा राहायचा. डावा कान त्या आवाजांत कधीच गेला होता, उजव्यावर काम चालायचं. ते आता बंद झालं. अहवालात कानाला रकाना नाही, असं ते म्हणाले. चेष्टेत म्हणाले असं मी तेव्हा धरलं.

मे महिन्यात शोभाताई आल्या.

शोभा खानझोडे यांची गोविंदपुऱ्यातच मोटारी भरायची शेड आहे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची गुंडाळी काढून नवी भरायची, हे काम. त्या आणि हाताखाली चार बायका. नवरा बाळू मोटारी उचलायचं, पोचवायचं बघतो, पण तांब्याची तार शोभाताईंच्याच हातची. एका मोठ्या कारखान्याच्या मान्य कारागिरांच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि शेडमधलं जवळजवळ सगळं काम तिथूनच यायचं. त्या कारखान्याचा नियम सोपा होता: काम सदोष असल्याचे दोन अहवाल आले की नाव यादीतून बाद. पहिला अहवाल फेब्रुवारीत लागला होता. आमच्या अकरांमधला तो सातवा, खाली नरहरभाऊंची सही, ‘शंभर हर्ट्झची थरथर, विजेचा दोष’. शोभाताईंनी ती मोटार परत आणली, उघडली, दोष सापडला नाही, तरी मुकाट्याने सगळी तार काढून पुन्हा भरून दिली. आता त्यांनी भरलेली दुसरी मोटार थरथरत होती आणि तपासणी आमच्याकडे होती. हा अहवाल तसाच आला असता तर शेडला कुलूप.

त्या माझ्या टेबलासमोरच्या बाकावर दोन तास बसून होत्या. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. नरहरभाऊ आले तसं उठून एवढंच विचारलं, ‘काका, मागच्या वेळेस तुम्ही तिला ऐकलं होतं का?’

तिला म्हणजे मोटारीला. नरहरभाऊ खाली वाकले. टूल-पेटी उघडून तळाशी गेलेला स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले.

अहवाल त्याच दिवशी हवा म्हणून साहेबांनी मला बरोबर पाठवलं. कारखान्याच्या पंपघरात ती पंचाहत्तर हॉर्सपॉवरची मोटार पंपाला जोडलेली होती आणि बाहेरच्यापेक्षा आत जास्त उकडत होतं. नरहरभाऊंनी पेटी लावली. पडद्यावर शंभरापाशी एक ठसठशीत उंचवटा आला. कारखान्याचा देखभाल इंजिनीअर प्रतीक लगेच म्हणाला, हे तर मागच्यासारखंच, गुंडाळीचाच दोष. त्याची घाई मला कळली. मोटार पंपाला त्याच्याच माणसांनी बसवली होती.

नरहरभाऊंनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि उजवा कान मुठीला लावला. डोळे मिटले. मला हाताने खूण करून घड्याळ बघायला सांगितलं आणि बोटाने हवेत ताल धरला. मग मला म्हणाले, ऐक. मी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीला कान लावला. आत एक घुमणारा आवाज होता आणि तो वाढत होता, पडत होता, वाढत होता, पडत होता. घड्याळातल्या सेकंदकाट्याबरोबर.

त्यांनी तिथेच भिंतीवर खडूने समजावलं. ही मोटार सेकंदाला साडेएकोणपन्नास फेरे घेते. पंप आणि मोटार एका रेषेत नसले की फेऱ्यांच्या दुप्पट थरथर होते, म्हणजे नव्व्याण्णव. विजेची थरथर नेहमी बरोबर शंभर. दोन्ही एकत्र वाजल्या की सेकंदाला एकदा जुळतात, एकदा सुटतात, म्हणून आवाज वाढतो आणि पडतो. नव्व्याण्णव मोठी असेल तर चूक बसवणाऱ्याची. शंभर मोठी असेल तर चूक तार भरणाऱ्याची. पेटीच्या एका खणात पाच हर्ट्झ मावतात, त्यामुळे तिला दोन्ही एकच दिसतात. चौथी ओळ यासाठी होती, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच नव्हती. एका सेकंदाच्या त्या वाढण्या-पडण्यात मला माझी पेन्सिलची रेघ ऐकू आली आणि मला स्वतःची लाज वाटली.

कानावर अहवाल लिहिता येत नाही. मग त्यांनी प्रतीकला विनंती केली की चालू मोटारीची वीज एकदम तोडायची. थरथर विजेची असेल तर वीज जाताक्षणी जाईल. बसवण्यातली असेल तर मोटार जसजशी मंदावेल तसतशी जाईल. पाणी दहा मिनिटं बंद ठेवायला प्रतीक तयार होईना, फोनाफोनी झाली, शेवटी वरून होकार आला. नव्या पेटीला थरथर वेळेनुसार टिपणं उत्तम यायचं, ते काम नरहरभाऊंनी तिला दिलं. वीज तुटली. पडद्यावरची रेघ किंचित खाली आली आणि मग तशीच दांडगी राहून हळूहळू, मोटार थांबेपर्यंत विझत गेली. दोष बसवण्यातला होता. शोभाताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि बाळूला फोन लावायला बाहेर गेल्या.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. मोठ्या साहेबांचंही तेच म्हणणं होतं. नरहरभाऊंनी अहवालात दोन मुद्दे लिहिले होते. दुसरा वीज तोडून केलेल्या चाचणीचा, ज्याने शोभाताई सुटत होत्या. पहिला असा: ‘या यंत्राने नव्व्याण्णव व शंभर हर्ट्झमधला फरक दिसत नाही. अशा मोटारींसाठी हे यंत्र योग्य नाही.’ साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पहिला मुद्दा काढायला सांगितला. बाईचं काम होतंय ना, मग केंद्राची अब्रू कशाला चव्हाट्यावर? शिवाय स्वीकृतीवर सही तुमचीच आहे, याचीही आठवण करून दिली. त्यात धमकी नव्हती असं साहेब म्हणतील. मी तिथेच होतो, ती होती.

नरहरभाऊंनी पाण्याला हात लावला नाही. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि खांदे खाली आले होते. जन्मभर उभं राहून काम केलेला माणूस बसला की कसा बसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

‘साहेब, मग आधीच्या अकरा मोटारींचं काय?’ ते म्हणाले. ‘त्याच्याखाली बी माझीच सही आहे.’

मुद्दा राहिला. अकरा कारखान्यांना पत्रं गेली, दुसऱ्या एका संस्थेची पेटी मागून आणून फेरतपासण्या झाल्या. चार अहवाल चुकीचे निघाले. त्यात सातवा होता. शोभाताईंचं नाव यादीत राहिलं, पण फेब्रुवारीत दुसऱ्यांदा भरलेल्या तारेबद्दल त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही. नरहरभाऊ स्वतः त्यांच्या शेडवर सांगायला गेले. शोभाताईंनी ऐकून घेतलं, त्यांना स्टूल दिलं आणि तार भरत राहिल्या. ते तासभर नुसते बसून आले म्हणे.

जूनमध्ये चौकशी झाली. तीन अधिकारी, एक टेबल, आणि कार्यवृत्त लिहायला मी. अयोग्य यंत्र खरेदी झालंच कसं, हा विषय. नरहरभाऊंना विचारलं की ही गरज तुम्ही खरेदीपूर्वी लेखी कळवली होती का. पंखा फिरत होता. माझ्या खणात, त्या खोलीपासून वीस पावलांवर, ते पान होतं. उठून आणायला एक मिनिट लागलं असतं. मी पेन धरून खाली बघत राहिलो.

‘तोंडी सांगितली होती,’ नरहरभाऊ म्हणाले.

आणि मी लिहिलं: तोंडी.

करार नवा झाला नाही. निरोपाला समोसे आले, भाषण कोणी केलं नाही. स्क्रूड्रायव्हर केंद्राच्या साठ्यातला होता म्हणून त्यांनी तो रीतसर जमा केला. पावती मीच फाडली.

तीन आठवडे मी कसेबसे काढले. घरी चिडचिड, बायको गौरी विचारून थकली. एका रविवारी सकाळी ते पान पिशवीत घालून मी आनंद नगरला त्यांच्या घरी गेलो. शशिकलावहिनींनी चहा ठेवला. ओट्यावर ते दोन काटे शेजारी शेजारी होते. नरहरभाऊ बनियनवर, पाय वर घेऊन पलंगावर बसले होते आणि तेवढ्या दिवसांत दहा वर्षं म्हातारे झाले होते. मी पान पुढे केलं. त्यांनी रेघ पाहिली, पान परत दिलं, आणि उशाखालची वही काढून उघडली. त्यात त्याच पानाची कार्बनची प्रत होती. सातही ओळी, सही, तारीख.

ती प्रत त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. चौकशीच्या दिवशीही होती.

प्रत दाखवली का नाही, असं मी विचारलं.

‘तुले वाचवलं वगैरे समजू नको,’ ते म्हणाले. ‘दमलो होतो. प्रत दाखवली असती तर अजून सहा महिने तारखा चालल्या असत्या. बाईचं काम झालं होतं. मले घरी जायचं होतं.’

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, तो हो म्हणून की जाऊ दे म्हणून ते मला अजून ठाऊक नाही. वहिनी चहा ठेवून आत गेल्या, माझ्याकडे न बघता. त्यांना सगळं ठाऊक होतं. निघताना नरहरभाऊ एवढंच म्हणाले की पुढच्या वेळेस निविदा काढशील तेव्हा चौथी ओळ राहू दे.

ती पुढची वेळ या हिवाळ्यात आली. मोटारींसाठी वेगळी पेटी घ्यायचं ठरलं. मी सातही ओळी जशाच्या तशा टाइप करून घेतल्या आणि चाळीस हजारांचं नाव काढलं नाही. व्हायचं तेच झालं, एकच निविदा आली. फाईल लाल शेरा घेऊन परत आली: तपशील एकाच विक्रेत्यास अनुकूल, चौथी अट वगळावी. मी अट ठेवून फाईल पुन्हा वर पाठवली. ती पुन्हा परत आली. जिन्यावर माझ्याबद्दल जी चर्चा व्हायची ती सुरू झाली आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा तिचा त्रास कमी होतो.

तिसऱ्यांदा आली तेव्हा शेऱ्याखाली एक ओळ वाढली होती. चौथी अट कोणत्या आधारावर घातली आहे? अशी गरज केंद्रात यापूर्वी कोणी लेखी नोंदवली असल्यास मूळ कागद जोडावा.

मी खण उघडला. पान तिथेच होतं. नरहरभाऊंचं सुवाच्य अक्षर, त्यांची सही, दोन वर्षांपूर्वीची जूनची तारीख, आणि चौथ्या ओळीवर माझी पेन्सिलची रेघ. पेन्सिलची रेघ पुसली जाते. खोडरबर समोरच होतं, मी ते एकदा हातात घेतलंही. मग ठेवून दिलं. पान तसंच फाईलला लावलं, त्याला क्रमांक टाकला आणि टिपणीत लिहिलं: ‘श्री. नरहर अलोणी यांनी ही गरज खरेदीपूर्वी लेखी कळवली होती. ओळ मी खोडली. चौकशीच्या कार्यवृत्तात तोंडी असं मीच लिहिलं आहे, ते खरं नाही.’ खाली सही केली, तारीख टाकली, आणि शिपायाची वाट न बघता फाईल स्वतः वर नेऊन दिली.